पत्रिकेतली बी.एस्सी.

(साउथहॅम्प्टन. रविवारची दुपार. डायनिंग टेबलवर लॅपटॉप, कागद आणि चिवड्याचा डबा.)

चंद्रशेखर : परत सांग उल्का, विषयाचं नाव परत सांग. मला नीट ऐकू दे.

उल्का : नंबर्स इन एव्हरीडे लाइफ.

चंद्रशेखर : रोजच्या जीवनातले आकडे! पावकी-निमकी घोकून घेणार आहेत का? आणि तो दुसरा?

तनिषा : लर्निंग टू राइट. बाबा, ती जनरल मॉड्यूल आहेत. तुझा मेन सब्जेक्ट काही पण असू दे, ते सगळ्यांना करावा लागतो.

चंद्रशेखर : लिहायला शिका. वा! शेहेचाळिसाव्या वर्षी अ आ इ ई. अगं, इथल्या म्हाताऱ्यांना पेन्शन लागली आणि घरातलं कुत्रं मेलं की ते घेतात असले कोर्स. वेळ जात नाही म्हणून.

उल्का : म्हणूनच ते दोन टाळायचं चाललंय आमचं. ऐकून घेतलं असतंत तर एव्हाना कळलं असतं. आणि चिवडा पुरे आता, चारला संजय-नीना येतायत.

चंद्रशेखर : त्यांना काय, चिवडा दिला काय आणि भुस्सा दिला काय. संजयला जीपी होऊन वीस वर्षं झाली, अजून घसा आणि गुडघा याच्या पलीकडे गेला नाही. आणि नीना तर बी.कॉम. एक्स्टर्नल.

तनिषा : बाबा, यू आर सो रूड. आई, बघ, मी प्लॅन केलीय. तुझ्या डिग्रीचे सहा मॉड्यूल राहिलेत. एका वर्षात दोनच घेता येतात. म्हणजे तीन वर्षं.

उल्का : आणि यांची रिटायरमेंट दोन वर्षांनी.

तनिषा : हो. आणि एक्झाम इकडे, यूकेमध्येच द्यावी लागते. पुण्याला गेलं की फिनिश. तर आपण काय करायचं, ती दोन जनरल मॉड्यूल माफ करून घ्यायचे. आधीचा स्टडी दाखवून. मग राहिले चार. दोन वर्षं. डन.

चंद्रशेखर : असली जुळवाजुळव करून मिळवलेल्या डिग्रीला काय अर्थ आहे?

उल्का : तुम्ही एक वर्ष उशिरा रिटायर झालात तर जुळवाजुळव लागणार नाही. हे मी जानेवारीत विचारलं होतं.

चंद्रशेखर : आणि मी जानेवारीत सांगितलं होतं. हॉस्पिटलला तारीख कळवून झालीय. बाणेरच्या फ्लॅटचं पझेशन आहे. हे घर विकायला काढायचंय. एक आठवडा हलत नाही यातलं. तुझ्या पावकी-निमकीसाठी मी ऑपरेशन थिएटर धरून बसू का?

उल्का : बरं.

चंद्रशेखर : बरं काय?

उल्का : बरं म्हणजे ऐकलं. तनू, तो परवाचा ईमेल वाच.

तनिषा : हां. तो जरा वाईट आहे. ते म्हणतात माफ करणार नाही. कारण आईकडे ऑलरेडी पूर्ण बी.एस्सी. आहे. पूर्ण डिग्रीतला अभ्यास त्या डिग्रीत वापरून झाला, तो परत मोजता येत नाही. अर्धा सोडलेला शिक्षण असता तर मोजला असता. वेअर्ड ना? मध्येच सोडला तर मार्क, पूर्ण केला तर झीरो.

उल्का : अर्धं सोडलेलं असतं तर.

तनिषा : हो, पण तुझा पूर्ण आहे ना.

उल्का : पूर्ण आहे असं अ‍ॅडमिशनच्या फॉर्मवर कुणी लिहिलं?

चंद्रशेखर : मी लिहिलं. फॉर्म मीच भरतो ना या घरात? व्हिसा, पासपोर्ट, कौन्सिल, हिच्या शाळा. तुला साधा पोस्टकोड कुठे लिहायचा ते कळायचं नाही.

उल्का : मी म्हटलं होतं, हा फॉर्म मी भरते. तुम्ही म्हणालात, चुका करशील.

चंद्रशेखर : मग? काय चूक झाली?

उल्का : तनू, त्या निळ्या फाइलमध्ये बघ. वरच्या कप्प्यात दोन कागद आहेत.

चंद्रशेखर : उल्का, हे आत्ता काढायची गरज नाही.

तनिषा : हे? एफ.वाय., एस.वाय. मार्कशीट... आई, केमिस्ट्रीमध्ये एटी-फोर? ओ माय गॉड. आणि थर्ड इयरचा कुठे आहे?

उल्का : नाही.

तनिषा : हरवला?

उल्का : झालंच नाही, तर हरवेल कसं? एस.वाय.ची परीक्षा एप्रिलमध्ये, लग्न मे महिन्यात, विमान ऑगस्टमध्ये. टी.वाय. राहिलं ते राहिलं.

तनिषा : पण तू बी.एस्सी. आहेस. मी लहान होते तेव्हापासून... तुमच्या लग्नाच्या कार्डवर पण आहे! मी बघितलाय. चि. चंद्रशेखर, कंसात एम.डी. आणि चि. सौ. कां. उल्का, कंसात बी.एस्सी.

उल्का : ते तुझ्या आजीचं काम. एम.डी. मुलासमोर नुसतं 'उल्का' बरं दिसेना. म्हणाल्या, वर्षभरात होणारच आहे, आत्ताच छापून टाकू, परत परत कोण पत्रिका छापणार? तू हे दोन वर्षांत बसवतेयस ना बाळा, त्यांनी चार दिवसांत बसवलं होतं. छापखान्यात.

चंद्रशेखर : आईला मध्ये आणू नकोस. ती गेली.

उल्का : त्या गेल्या, बी.एस्सी. राहिली. तुमच्या व्हिसाच्या फॉर्मवर तीच. इथल्या मराठी मंडळाच्या डिरेक्टरीत तीच. मागच्या गणपतीत स्टेजवरून काय म्हणालात? 'आमची मिसेस सायन्स ग्रॅज्युएट, पण संसारासाठी करिअर सोडलं.' टाळ्या पडल्या. मी खाली मोदकांचा डबा धरून उभी.

चंद्रशेखर : कौतुकच केलं ना तुझं?

उल्का : माझं नाही. तुमच्या बायकोचं.

तनिषा : पण मग नंतर का नाही केलास? ट्वेंटी-फाइव्ह इयर्स, आई.

उल्का : यांनी माझ्या अप्पांना शब्द दिला होता. तिकडे गेल्यावर पहिल्याच वर्षी पूर्ण करेल म्हणून. पहिल्या वर्षी यांची इथली भूलतज्ज्ञाची परीक्षा. सहा महिने हल गावात नोकरी, सहा महिने डर्बीला, परत सामान बांधा. पुस्तक हातात धरून प्रश्न मी विचारायची, उत्तरं हे द्यायचे. कुठल्या औषधाने रक्तदाब किती पडतो ते मला अजून पाठ आहे. तिसऱ्या खेपेला पास झाले. ते मात्र कुठल्या पत्रिकेत छापलं नाही कुणी.

तनिषा : तिसऱ्या? बाबा, तू मला सांगितलास फर्स्ट अटेम्प्ट! माझा ड्रायव्हिंग टेस्ट फेल झाला तेव्हा!

चंद्रशेखर : ती परीक्षा वेगळी होती. जगात अवघड समजतात. तिची तुलना या... या बालवाडीशी करू नका.

उल्का : तुलना कोण करतंय? मी बालवाडीतून सुटायला बघतेय. तनू, पुढचं सांग यांना. अपिलाचं.

तनिषा : मी युनिव्हर्सिटीला फोन केला होता. जनरली विचारला, चूक भरला असेल तर काय. ते म्हणाले, डिक्लेरेशन द्या. माझ्याकडे कुठलीही डिग्री नाही, आधी लिहिला ते चूक होता, आणि ही दोन वर्षांचा मार्कशीट. मी विचार केला, आईला हे कसा उपयोग, तिच्याकडे तर आहे. म्हणून मी बोलले नाही.

उल्का : मी तुझ्या मागे उभी राहून ऐकलं. फॉर्म डाउनलोड झालाय. उद्या बारापर्यंत पाठवायचाय.

चंद्रशेखर : 'माझ्याकडे कुठलीही डिग्री नाही.' हे तू लिहून देणार? सही करून?

उल्का : खरं आहे ते.

चंद्रशेखर : पाठव मग. कुठल्या तरी ऑफिसात कुठली तरी बाई वाचेल आणि फाइल करेल. मला काय त्याचं.

तनिषा : नाही बाबा, काउंटरसाइन लागतो. पासपोर्टसारखा. डॉक्टर, टीचर, असा कोणतरी. रिलेटिव्ह नको. दोन वर्षं ओळखत पाहिजे. आणि त्याने पूर्ण वाचून सही करायचा.

चंद्रशेखर : ...शेजारच्या मार्गारेटला सांग. ती हेडमिस्ट्रेस होती.

उल्का : ती क्रूझवर गेलीय. परवा तुम्हीच तिला टर्मिनलला सोडून आलात.

चंद्रशेखर : तुझी ती जिममधली?

उल्का : ती केक करते. चालत नाही. तुमच्या डिपार्टमेंटमधला अनुप आहे. फोन करू?

चंद्रशेखर : अनुप? खुळी आहेस का? माझा ज्युनिअर आहे तो!

उल्का : म्हणूनच मी संजयना चहाला बोलावलं.

चंद्रशेखर : संजय.

उल्का : डॉक्टर आहेत. बावीस वर्षं ओळखतात. घसा आणि गुडघा याच्या पलीकडे एक सही त्यांना नक्की जमेल.

चंद्रशेखर : उल्का, बस जरा. इकडे बघ. संजय नीनाला सांगेल. गाडीत बसायच्या आत सांगेल. नीना मंडळातल्या वरदाला सांगेल. दिवाळीच्या कार्यक्रमापर्यंत रीडिंगपासून बोर्नमथपर्यंत सगळ्यांना कळेल. मी प्रेसिडेंट आहे मंडळाचा!

उल्का : काय कळेल?

चंद्रशेखर : की तू... की आपण...

उल्का : बोला ना. बारावी पास आहे म्हणून. चारचौघांत अर्धांगिनी म्हणता, आणि खरं शिक्षण घशाखाली उतरत नाही. नीनाला एक्स्टर्नल म्हणून नाकं मुरडता. तिने दोन मुलं सांभाळून, पोस्टाने पुस्तकं मागवून डिग्री केली. परीक्षा देऊन. पत्रिकेत छापून नाही.

चंद्रशेखर : हे बघ, मार्ग काढू. चिडू नकोस. मी काय म्हणतो... ते अपील-बिपील राहू दे. ते दोन जनरल विषय तू करूनच टाक. काय वाईट आहेत? आकडे, लेखन. चांगलं असतं, पाया पक्का होतो.

तनिषा : पण मग तीन वर्षं लागतात, बाबा. तू दोन वर्षांनी जातोस.

चंद्रशेखर : एक वर्ष पुढे ढकलतो.

उल्का : काय?

चंद्रशेखर : रिटायरमेंट. एक वर्ष पुढे ढकलतो. हॉस्पिटलला माणूस हवाच आहे, उद्या एक ईमेल टाकला की झालं. फ्लॅट काय, कुलूप लावून ठेवू. तू आरामात कर तुझी सहा मॉड्यूल. फक्त संजयसमोर हा कागद काढू नकोस.

तनिषा : बाबा...

उल्का : म्हणजे हलतं तर.

चंद्रशेखर : मी मदत करतोय तुला!

उल्का : जानेवारीत मी विचारलं. मार्चमध्ये विचारलं. माझ्या वाढदिवसाला विचारलं, तेव्हा वेटरसमोर हसलात. एक आठवडा हलत नाही म्हणालात, आत्ता, या टेबलावर, चिवडा खाता खाता. मी शिकावं म्हणून एक आठवडा हलत नव्हता. संजयला कळू नये म्हणून वर्ष हललं. एका ईमेलने.

चंद्रशेखर : कारण काही का असेना, तुला हवं ते मिळतंय ना?

उल्का : इतके दिवस मला वाटायचं, तुम्ही फार मोठे आहात, माझं शिक्षण तुम्हाला तिथून दिसतच नसेल. राग यायचा, पण मान होता. आज तोही गेला. तुम्ही मोठेबिठे काही नाही हो. घाबरट आहात. आईच्या छापलेल्या कंसामागे लपून पंचवीस वर्षं काढलीत.

चंद्रशेखर : मुलीसमोर बोलतेयस तू.

उल्का : मुलीसमोरच बोलायचं होतं. तिला वाटत होतं, तिची आई शिकलेली असूनही घरी बसली. आळशी वाटत असेन मी तिला.

तनिषा : नाही आई. थोडंसं. सॉरी.

उल्का : असू दे. मार्कशीट नीट ठेव, तिला तेलाचा हात लावू नकोस. आणि तुमचं ते वर्ष तुमच्याकडेच ठेवा. मला उशीर नकोय, लवकर हवंय. दोन वर्षांत डिग्री घेईन. मग पुण्याला यायचं की नाही ते माझं मी ठरवीन.

चंद्रशेखर : यायचं की नाही म्हणजे?

तनिषा : गाडी आली. संजयकाका पार्क करतायत. काकूच्या हातात केक आहे.

चंद्रशेखर : उल्का, प्लीज. निदान आज नको. मी त्याला नंतर सावकाश सांगतो, माझ्या पद्धतीने.

उल्का : तुमच्या पद्धतीने सांगितलंत तर मी पीएच.डी. होऊन बसेन. तनू, कुठवर आलीस?

तनिषा : नाव झाला, अॅड्रेस झाला. आता हायेस्ट क्वालिफिकेशन. काय टाइप करू? ट्वेल्थ?

उल्का : टाइप नको करू. तो कागद प्रिंट झालाय ना, दे इकडे. आणि पेन दे. बाबांचं नको, ते तुझं दे.

चंद्रशेखर : बेल वाजतेय.

उल्का : मग उघडा ना दार. माझं अजून लिहून व्हायचंय.