ईराने मला मारलेली पहिली हाक

अगं, आमच्या ईराचा पहिला शब्द सांगितला का तुला? चार महिने तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन मी घोकतेय, "आई म्हण, आऽई." ती नुसती बघायची. आणि परवा मला बघून ओरडली, "वैनी!"

माझे दोन्ही दीर हसून लोळले. घरात तेच मला दिवसभर वहिनी, वहिनी करतात ना!

मी रडकुंडीला येऊन सासूबाईंना विचारलं, "हिला 'आई' का नाही जमत?"

त्या म्हणाल्या, "'आई' म्हटल्यावर काय होतं, ते तिने कुठे पाहिलंय? 'वहिनी' म्हटलं की तू हातातलं टाकून धावतेस, हे मात्र रोज बघते."

"काहीतरीच काय!" मी म्हटलं. तेवढ्यात आतून आवाज आला, "वैनीऽऽ!"

आणि मी उठलेसुद्धा.