मागून लागलेला सूर

दार लाव आधी. नुसतं लोटू नकोस, कडी घाल — तबलजी सारखे आत डोकावतात. आणि ठेव तो तानपुरा खाली, जुळलाय तो, अजून किती खुंट्या पिळशील? पंधरा मिनिटं आहेत आपल्याला. बस इथं. सख्ख्या बहिणीसमोर बसायला लाज कसली? बत्तीस वर्षं माझ्या पाठीमागं बसून गायलीस, आज जरा समोर बस.

परवा साउंडवाला घरी आला होता, मागच्या मैफलीचं रेकॉर्डिंग घेऊन. भला माणूस — म्हणाला, ताई, प्रत्येक माइकचा आवाज वेगळा काढलाय, तुमचा वेगळा, धाकट्या ताईंचा वेगळा, ऐका निवांत. कसलं निवांत! दुपारभर हेडफोन लावून बसले होते. खालचे सूर झकास. मधले — चालतील, वयाच्या मानानं बरे आहेत. आणि मग वरचा सा — ज्याला अख्खं सभागृह उठून उभं राहिलं, ती पहिल्या रांगेतली बाई डोळे पुसत होती — तिथं माझ्या माइकवर काय होतं, सांगू? वारा. नुसता श्वास. मग मी तुझा माइक लावला.

कधीपासून? मान खाली घालू नकोस, विचारतेय मी. माझ्या गळ्याच्या ऑपरेशनपासून? म्हणजे चार वर्षं! बाबांनी काय शिकवलं होतं आपल्याला, त्या मागच्या खोलीत, खिडक्या बंद करून? पुढचीचा श्वास तुटला की मागचीनं सूर धरायचा, आणि पुढची आली की सोडायचा. सोडायचा! तू सोडलाच नाहीस. पुढची आलीच नाही म्हणतेस? — नाही, तू कुठं काही म्हणतेस, तू कधी बोलतेस का! तीच तर तुझी खोड. एक दिवस तोंडावर सांगितलं असतंस, ताई, तुझा सूर लागत नाही गं, तर मी काय तुला खाल्लं असतं?

खाल्लं असतं. बरं, असेल.

आणि मला कळत नव्हतं असं वाटतं तुला? मी काय बहिरी आहे? सूर बरोबर लागला ना, की इथं — या कपाळात — गुणगुणतं. लहानपणापासून. चार वर्षं कपाळ गप्प आहे माझं. पण समोर लोक माना डोलावत होते, टाळ्या पडत होत्या — आणि तुला सांगते, तू मागं बसतेस, तुला ते चेहरे दिसतच नाहीत — हजार माणसं श्वास रोखून माझ्या तोंडाकडे बघताहेत, आता लागेल, आता लागेल — त्या एका क्षणासाठी मी संसार केला नाही, आईच्या आजारपणात दौरे केले. ते कसं सोडू? तू सोडलं असतंस? तू काय, तुला कुठं हौस होती पुढं बसायची. तुला कधी कोणी बोलावलंच नाही. म्हणजे — एकदा बोलावलं होतं. त्या दक्षिणेकडच्या मंडळानं, तुझी एकटीची मैफल. मीच कळवलं त्यांना, तिला स्टेजवर घाम फुटतो, तिला नका गळ घालू म्हणून.

अशी बघू नकोस माझ्याकडे. वीस वर्षं झाली त्याला. चिडले होते मी. घाबरले होते, घे, झालं समाधान?

ऐक. आज तू गायचं नाहीस. तानपुरा छेडायचा, बास. लागला तर माझा लागेल, नाही लागला तर लोकांना कळू दे एकदाचं. चार वर्षांचं हे ओझं मला नको. कबूल? मान हलव. नाही, थांब — आधी इथंच करून बघू. घे तानपुरा. आणि ओठ मिट. हात ठेव तोंडावर, तुझा भरवसा नाही, सवय लागलीय तुला. छेड. आ—

थांब. घसा कोरडा पडलाय. पाणी दे. हं. सरळ बसते. छेड ना! आ—

पुन्हा.

आ—

...

कोण? — हो हो, आलो म्हणावं! पेटीवाल्यांना बसू दे, आलोच आम्ही!

काढ तो हात तोंडावरचा. अगं, रडतेस काय? रडू नकोस. नको ना, धाकटे — आवाज बसेल तुझा. पाणी पी दोन घोट. डोळे पूस, आणि उघड ते दार, लोक खोळंबलेत.