वीजघराच्या कुंपणाआतली झोप

मी, वय ६४, धंदा पूर्वी शिक्षिका, सध्या घरकाम, राहणार बाजारामागची नवी वसाहत, दुसरा मजला, आज ठाण्यात स्वतः हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

माझे पती धरणाच्या वीजघरात ऑपरेटर होते. आमचे क्वार्टर वीजघराला लागून होते. टर्बाइन चालू असले की स्वयंपाकघराची फरशी बारीक थरथरे आणि मांडणीवरच्या वाट्या किणकिणत. मी लग्न होऊन आले तेव्हा शाळेत कंदील होते. पहिल्यांदा वीज आली त्या संध्याकाळी यांनी शाळेत फोन करून विचारले, "लाइट कशी आहे?" जणू मी बाळंत झाले होते. पुढे गावात दवाखाना आला, सूतगिरणी आली. घरी आल्यावर यांचा प्रश्न तोच.

निवृत्तीनंतर क्वार्टर पाडले गेले. नव्या घरात यांना झोप लागत नाही. गोळ्या झाल्या, कोमट दूध झाले. एकदा मी उशाशी मिक्सर लावून पाहिला. तेव्हा म्हणाले, "अगं, मला झोपवतेस की वाटण वाटतेस?"

अलीकडे ते दुपारी वाचनालयात जातो असे सांगून जात व टवटवीत होऊन परत येत. काल मी मागोमाग गेले. ते वीजघराच्या तुटलेल्या कुंपणातून आत शिरले आणि आमच्या जुन्या स्वयंपाकघराच्या उरलेल्या जोत्यावर आडवे झाले. मी म्हटले, "हे का तुमचं वाचनालय?" ते म्हणाले, "हळू बोल. दोन नंबरचं मशीन चालू आहे."

प्रतिबंधित जागेत शिरल्याची जी तक्रार वीजघराच्या रखवालदाराने दिली आहे, तीत एकच इसम लिहिला आहे. रखवालदार माझा जुना विद्यार्थी आहे. तो मला म्हणाला, "बाई, तुम्ही घरी जा. काकांना न्यायला आला होतात असं सांगतो मी." तसे घडलेले नाही. यांनी सरकून मला जागा करून दिली होती. मीही आडवी झाले. फरशी अजून थरथरते. आम्हा दोघांना रखवालदाराने झोपेतून उठवले. मला उठवायला त्याला जास्त हाका माराव्या लागल्या.

तरी गुन्हा नोंदवायचा झाल्यास तो दोघांवर नोंदवावा.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच असून खरा आहे. बाहेर बाकावर बसलेल्या माझ्या पतींनाही तो ऐकू गेला असावा.