घरून काम करणारा दादा

आजारी बाबांना फार वेळ एकटं सोडता येत नाही, म्हणून घरून पक्कं काम मिळेल अशी डिग्री घ्यायचं मी ठरवलं. दहावीलाच शाळा सुटलेली, मला काय कळणार! माझा मावसभाऊ सुमितदादा घरूनच काम करतो, म्हणून त्याला विचारायला गोवंडीला गेलो.

मावशी म्हणाली, "तो विहारात बसलाय."

खरंच, दादा बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत लॅपटॉप उघडून बसलेला.

"घरी का नाही बसत रे?"

"आई मीटिंगमध्ये लसूण सोलायला देते. तिला वाटतं, मी रिकामाच आहे."

"मला तर घरीच बसायचंय, यार!"

तेवढ्यात मावशीचा फोन आला. "दोघं रिकामेच आहात ना? सिलिंडर आलाय, वर चढवा."

जिन्यात मी वैतागून विचारलं, "दादा, आपण रिकामे नाही हे मावशीला पटेल अशी कुठली डिग्री आहे का?"

"माझ्याकडे दोन आहेत. नीट धर."