शे म्हणायचं नाही

पिंप्राळ्यातल्या दवाखान्यात नूतन नंबरची वाट पाहत बसली होती. शेजारी पन्नाशीची एक बाई म्हाताऱ्या आईची उजळणी घेत होती.

"आई, आज वार कोणता?"

"मंगळवार शे."

"मी कोण?"

"मनी पोर, सुलक्षना. याड लागनं का तुले?"

"मग मागच्या खेपेला डॉक्टरांनी हेच विचारलं, तेव्हा गप्प का बसलीस? विसरण्याचा आजार असेल म्हणाले. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही."

"तूच सांगेल शे ना, गप ऱ्हाय म्हनीसन."

"मी? कधी?"

"दहावीले व्हती तवय. तुन्या मैतरनी घर वन्यात. मना 'शे' ऐकीसन हासन्यात. तू म्हनी, तुले 'आहे' म्हनता येत नही, मंग चारचौघास्मा तोंड उघडू नको."

"आई, त्याला पस्तीस वर्षं झाली."

"मंग? 'आई, बोल' असं परत कधी म्हनी का तू?"

आतून हाक आली. "भिकुबाई."

"चल आई. आत सगळं सांग. शे म्हण, काहीही म्हण."

म्हातारी दारापर्यंत जाऊन वळली.

"तू बाहेर बठ. तू समोर ऱ्हायनी म्हंजे माले भ्याव वाटस."

नूतनने पर्स उचलून सुलक्षणाला जागा करून दिली. दाराआडून म्हातारीचा आवाज येत होता, खणखणीत, आणि थांबत नव्हता.