माशीला मीटर कळतंय का?

…आणि वर त्यो कंपनीचा साहेब मलाच म्हणतोय, आजी, नियम हाय! तुमास्नी सांगते, मी शाळेची पायरी चढले न्हाय, खताच्या पोत्यावरची अक्षरं लावत लावत वाचायला शिकले, म्हणून तर शेजारच्या शांतिनाथअण्णाच्या रानात बोर्ड लागला तवा आख्ख्या गडमुडशिंगी गावात पयला मीच वाचला. जनुकं बदललेल्या वांग्याची चाचणी, आत येऊ नये. म्हंजे कीड खाईल आणि तीच मरंल, असलं वांगं. दिल्लीच्या कमिटीनं परवानगी दिली, पर अट घातली… तीनशे मीटरात दुसरं वांगं नगं, ह्या फुलाचं पराग त्या फुलावर जाईल. आता पराग नेतंय कोण? माशी. मग माशीला मीटर कळतंय का?

कंपनीचा अतुलसाहेब टेप घेऊन आला. त्येंच्या वाफ्यापासनं माझ्या बांधापतोर दोनशे ब्याण्णव मीटर भरलं. म्हणला, आठ कमी पडत्यात, तुमची वांगी काढा. मी म्हणलं, तुमीच आठ मीटर सरका की! तर नकाशा दिल्लीत मंजूर झालाय, हलत न्हाय म्हणं. नकाशा हलत न्हाय, माझी पन्नास झाडं हलत्यात, व्हय?

सासूनं दिलेलं बी हाय त्ये. चाळीस वर्सं दरसाल एक वांगं चिंधी बांधून पिवळं हुस्तवर राखलंय. नियम म्हणून उपटली झाडं. चिंधीच्या वांग्याचं बी राखेत घोळून मडक्यात ठेवलं आणि तवापासनं जीव बी मडक्यातच. पेरू कुठं? चाचणी किती वर्सं, इचारलं तर कमिटी ठरवंल म्हणं. तवर बी म्हातारं झालं, उगवलंच न्हाय तर? आणि पेरलं तरी… माशीला मीटर कळतंय का?

आठ दिसांनी साहेब परत दारात. आवाज एकदम लोण्यावानी. "आजी, कमिटी म्हणती, तुलनेला गावठी वांगं शेजारच्याच वाफ्यात पायजे. तुमचं बी द्या की."

बघा आता. लांब पायजे म्हणून उपटायला लावलं, त्येच मधोमध पायजे! हाकलणारच हुते. पर वाटलं, ह्यो कुठलं तरी मरतुकडं वांगं आणून लावंल, आणि माझ्या गावाचं वांगं हरलं म्हणून दिल्लीला कळवंल. अर्धी मूठ दिली. चाचणी संपली की समदी झाडं जाळणार हायती, ह्ये मागनं कळलं.

आता आतल्या वांग्यास्नी फुलं आल्यात. मी रोज कुंपणाच्या तारेपाशी उभी. राखणदार आकाराम वराडतोय, "शालूआजी, लांब हुबा ऱ्हावा, बोर्ड वाचता येतोय न्हवं?"

येतोय की बाबा. माशा खुशाल आत-भाईर करत्यात. त्यास्नी मीटर कळत न्हाय, म्हणून त्या आत. मला कळतंय, म्हणून मी भाईर.