आईचे सरळ टाके

डोळ्यांच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलेल्या शिंप्याने ‘गोधडी’ हा शब्द ऐकला आणि कान टवकारले. आई आत डॉक्टरांकडे गेली होती आणि शेजारी दोघी बहिणी बोलत होत्या.

“ताई, गोधडीच्या गटात आईचं केवढं कौतुक चाललंय! दर आठवड्याला नवा नमुना, आणि तिने शिवलेला चौकोन अगदी सरळ.”

“तिचा कुठला? पहिला बघायला हवा होतास. एक टोक दुसऱ्याला ओळख दाखवत नव्हतं.”

“मग सुधारला कसा?”

“दुपारी तिचा डोळा लागला की मी उसवते आणि परत शिवते.”

“सगळे?”

“मग काय! चारचौघींत तिचं हसं नको व्हायला.”

“आणि आता नीट दिसायला लागलं की?”

“हळू बोल, आली बघ.”

“काय गं, कसली कुजबुज?”

“काही नाही, आई. डॉक्टर काय म्हणाले?”

“चष्मा बदला म्हणाले. पण चौकोनावरचे ते सरळ टाके माझे नाहीत, हे बोटांना केव्हाच कळलंय. या वेळचा चौकोन मी उशीखाली ठेवलाय. चांगला वाकडा झालाय. त्याला हात लावशील तर बघ!”

“अगं, हसतील सगळ्या.”

“हसू देत. कुठे चुकलं ते सांगतील तरी.”